लहान गोळी

खारी, भाईंदर (पूर्व)
५ ऑक्टोबर १९९४

अक्का, जयभीम.

हे पत्र ड्यूटीवर वाचू नकोस. घरी जा, चहा टाक, मग वाच.

आमच्या शेठचा गनमॅन बबन तुला आठवत असेल. साक्षीच्या वाढदिवसाला आली होतीस तेव्हा तुझी बॅग उचलून स्टेशनपर्यंत आलेला तो उंच माणूस. गेल्या आठवड्यात सोमवारी त्याला मारलं. माझ्यासमोर.

शेठ साइटच्या ऑफिसात होते. मी गेटवर होतो, बबन समोरच्या टपरीवर चहा पीत होता. शेठला दोन महिन्यांपासून फोन येत होते, पैसे पाठव नाहीतर बघून घेऊ, नेहमीचंच. भाईंदरमध्ये आता ज्याची चार मजल्यांची बिल्डिंग उभी राहते त्याला हे फोन येतात. स्कूटरवरून दोघं आले. मागचा उतरला, त्याचा हात शर्टाच्या आत होता. बबनने ते बघितलं आणि आधी गोळी घातली. अक्का, त्याचा नेम चुकला नाही. मी जवळच होतो. शर्टाला पोटावर भोक पडलेलं मला दिसलं. पण तो माणूस थांबला नाही. एक हात पोटावर ठेवून चालत आला, गावठी कट्टा बबनच्या तोंडाला लावला आणि घोडा ओढला. बबनला ओरडायलाही काही राहिलं नाही. टपरीवाल्याच्या दुधाच्या पातेल्यात रक्त उडालं. तो इतका सुन्न झाला होता की त्याने गॅस बंद केला नाही, दूध फेकलं नाही, तसाच ढवळत राहिला. तो माणूस आपल्या पायाने जाऊन स्कूटरवर बसला.

दोन दिवसांनी चेणे गावाजवळ रस्त्याच्या कडेला झाडीत त्याचं प्रेत सापडलं. इथे सगळे म्हणतात, पकडला गेला तर तोंड उघडेल म्हणून त्याच्याच लोकांनी त्याला संपवला.

आता बबनची जागा शेठ मला देतायत. ते म्हणतात, बबन बत्तीसमुळे मेला. बत्तीस म्हणजे त्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी, बारीक असते, लायसन्सवर मिळते तीच. शेठने कपाटातून टॉवेलात गुंडाळलेलं एक पिस्तूल काढून माझ्यासमोर ठेवलं. पंचेचाळीस. परदेशी, कागदपत्र काही नाहीत. म्हणाले, "फौजी, बत्तीस तो दांत होते हैं. गोली खा के आदमी दांत दिखाता हुआ आएगा. ये लगा तो वहीं बैठेगा."

शेठ चुकीचं बोलत नाहीत. पलटणीत मी सहा वर्षं हत्यारांच्या कोठीत काढली, मला माहीत आहे. मोठी गोळी माणसाला जागेवर पाडते. पण ती हाताला झटका देते, दुसरी गोळी आभाळात जाते. आणि पहिली एका माणसातून निघून मागच्यात घुसते. इथे मागे कोण असतं? भाजीवाली, शाळा सुटलेली पोरं. लहान गोळी जिथे बघशील तिथे जाते आणि आतच थांबते.

बाबा अजून रोज सकाळी वंदनेत पाणातिपाता वेरमणी म्हणत असतील. मी पण म्हणतो. जीव घेणार नाही, असं रोज म्हणायचं आणि मग कमरेला हत्यार लावून निघायचं. नोकरी सोडावी तर निशाच्या अंगणवाडीच्या पगारात खोली चालत नाही. म्हणून तुला विचारतो. तू ऑपरेशन थिएटरमध्ये वीस वर्षं उभी आहेस. कुठली गोळी लागलेला माणूस वाचतो? मला कोणाला मारायचं नाही, फक्त थांबवायचंय.

तुझा
समाधान


नांदेड
१६ ऑक्टोबर १९९४

प्रिय समाधान, जयभीम.

तुझं पत्र मी ड्यूटीवरच वाचलं. तू नको म्हणालास म्हणून आधी वाचलं, लहानपणापासून तुझ्या 'नको'चा अर्थ मला माहीत आहे.

तो दूध ढवळत राहणारा माणूस डोळ्यांपुढून जात नाही. बबनपेक्षा तोच जास्त आठवतो. बबन संपला, तो माणूस रोज तिथेच चहा करणार.

माझं पहिलं उत्तर ऐक. हे काम घेऊ नकोस. इकडे ये, बँकेत वॉचमन लागतात. पण तू येणार नाहीस, हेही मला माहीत आहे. साक्षीची शाळा तिकडे आहे. आणि पलटणीतून आल्यावर गावात दोन वर्षं तू जसा ओट्यावर बसून होतास, ते मला परत बघायचं नाही.

मग दुसरं उत्तर. आम्हाला गोळ्यांचे नंबर माहीत नसतात रे. सर आतून गोळी काढतात आणि स्टीलच्या ट्रेमध्ये टाकतात, तेव्हा जो आवाज येतो त्यावरून मला कळतं, मोठी की लहान. लहान असली की शर्टाचं बटण पडल्यासारखा आवाज येतो. मोठ्या गोळीची माणसं माझ्या टेबलापर्यंत फार कमी आली. एक पाटलांच्या भांडणातला होता, त्याचा दंड खांद्यापासून नुसत्या कातड्यावर लोंबत होता, तो टेबलावर घेताघेताच गेला. बाकीचे सरळ मागच्या पोस्टमॉर्टेमच्या खोलीत जातात. लहान गोळीचे येतात ते बोलत येतात. गिरिजा नावाची एक बाई होती, दिराने गोळी घातली होती तिला. खांद्यात बोराएवढं भोक. माझ्याशी भांडली, नवी चोळी का कापली म्हणून. दहाव्या दिवशी चालत घरी गेली. असे पाच-सहा तरी मी बघितलेत.

म्हणून, कमरेला काही लावणारच असशील तर लहान लाव. पंचेचाळीसला हात लावू नकोस. तुला कोणाला मारायचं नाही ना? लहान गोळीचा माणूस वाचतो. मी बघितलंय.

बाबांना मी काही सांगितलं नाही. परवा धम्मचक्राच्या दिवशी विहारात पांढरा सदरा घालून बसले होते, तुझी चौकशी केली. म्हटलं, सुपरवायझर आहे.

अक्का


खारी, भाईंदर (पूर्व)
२२ जानेवारी १९९५

अक्का, जयभीम.

तुझा शब्द ठेवला. माझं जुनं लायसन्स होतंच, त्यावर बत्तीस घेतली. शेठ हसले. आता ऑफिसात कोणी आलं की ओळख करून देतात, "ये हमारा फौजी, अहिंसावाला." मी पण हसतो. पंचेचाळीसचा टॉवेल त्यांनी परत कपाटात ठेवला.

फोनवाले गप्प आहेत. भांडण आता वेगळ्याच बाजूने आलंय. खाडीच्या काठी शेठचा नवा प्लॉट आहे. तिथे डंपरने राबिट, म्हणजे पाडलेल्या बांधकामाचा मलबा, टाकून भराव घालतायत. त्या काठाला कोळ्यांच्या होड्या लागतात. भराव झाला की होड्या कुठे लावायच्या, हे शेठच्या नकाशात नाही. गेल्या आठवड्यात कोळी आले, डंपरच्या काचा फोडल्या. एका ड्रायव्हरला खाली ओढून वल्ह्याने इतका मारला की त्याचा जबडा एका बाजूला गेला, अजून नळीने दूध पितोय. दुसऱ्या दिवशी शेठच्या माणसांनी दोन होड्या जाळल्या. मी तिथे नव्हतो. असतो तरी काय केलं असतं, माहीत नाही.

त्या कोळ्यांत धर्मा नावाचा एक माणूस आहे, माझ्याच वयाचा. तोच त्यांचा पुढारी आणि तोच माझा दोस्त, असं उलटं झालंय. मी इथे नवा होतो तेव्हा त्याच्या बायकोने, शांताबाईने, निशाला सुके बोंबील कसे करायचे ते शिकवलं. आपल्याकडे कुठे माहीत होतं? निशाने पहिल्यांदा केले तेव्हा साक्षी नाक धरून जिन्यात जाऊन बसली होती. धर्मा मला हवालदार म्हणतो. मी लान्सनाईक होतो असं सांगितलं तर म्हणतो, "ते मना काय समजत न्हाय, पगार कोन देतो ते सांग." परवा गेटवर आला, माझ्या कमरेकडे बघून म्हणाला, "काय रं हवालदार, तुझा घोरा काय खातो?"

मी म्हटलं, "बारीक आहे, कमी खातो."

"मंग ठीक हाय. शेठ मोठा खातो, तू बारीक खा."

सगळे हसले. त्याच्या मागे उभे होते त्यांच्या हातात कोयते होते, तेही हसले. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, धर्मा, डंपरच्या आडवा येऊ नको. तो म्हणाला, "होरी लावाला जागा दे, न्हाय येत." त्याला देण्यासारखं माझ्याकडे काय आहे?

तरी मला झोप लागते, अक्का. पंचेचाळीस असती तर लागली नसती. आपल्या हातून काही झालंच तर माणूस वाचेल, हे डोक्यात असतं.

समाधान


नांदेड
२ मार्च १९९५

समाधान,

मागे तुला जे लिहिलं त्यात मोठी चूक आहे. जयभीम घालायचाही धीर नाही, म्हणून आधी हे वाच.

काल नाथा नावाचा एक माणूस आला. शेतातल्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाने गोळी घातली होती. बरगडीखाली भोक, बोट ठेवलं तर झाकेल एवढं. रक्त म्हणशील तर रुमालही भिजला नव्हता. घरच्यांनी हळद दाबली, घोंगडीवर झोपवलं आणि दुसऱ्या दिवशी आणलं, तेही माझं काय अडलंय म्हणून तो कुरकुरत होता म्हणे. माझ्याशी बोलला. म्हणाला, "सिस्टर, चहा द्या ना अर्धा कप, लई तहान लागली." मी पोटावर हात ठेवला, ते पाटासारखं कडक झालं होतं.

सरांनी पोट उघडलं आणि आत सगळं रक्तच. बाहेर यायला वाट नव्हती म्हणून आत साठत राहिलेलं. गोळी बरगडीखालून शिरली होती आणि सापडली कमरेच्या हाडापाशी. जाताना आतडं चार ठिकाणी फाडून गेली होती. लहान गोळीत बाहेर पडायचा जोर नसतो रे, ती आतच फिरते. नाथा टेबलावरच गेला. त्याच्या तोंडावर शेवटपर्यंत काही झाल्याचं दिसत नव्हतं.

सर हात धुताना म्हणाले, असे खेड्यातून बरेचसे येतच नाहीत, घरीच संपतात. मी रात्रभर त्याचाच विचार केला. मी तुला कोणाबद्दल लिहिलं होतं? जे माझ्या टेबलापर्यंत आले त्यांच्याबद्दल. जे भोक लहान म्हणून घोंगडीवर पडून राहिले ते मला दिसलेच नव्हते.

आणि तो चेण्याजवळ सापडलेला माणूस. त्याला त्याच्या लोकांनी मारलं नसेल, समाधान. त्याला बबनने मारलं. फक्त दोन दिवस उशिरा.

मोठीने मरतो तसाच लहाननेही मरतो, एवढंच की लहानने मरताना कोणाला कळत नाही. तू ते हत्यार परत कर. आणि तोवर, तुझ्याच नाही, कोणाच्याही गोळीने कोणाला लागलं, तर भोकाकडे बघू नकोस. उचल आणि हॉस्पिटलात ने. पाणी मागितलं तरी पाजू नकोस. बोलतोय, हसतोय म्हणून थांबू नकोस.

आज सुट्टीच्या आधी हे पोस्टात टाकते. मिळालं की लगेच उत्तर दे.

अक्का


ठाणे जेल
२० मार्च १९९५

अक्का, जयभीम.

तुझं पत्र निशाने भेटीच्या दिवशी आणलं. ते घरी पोचलं तेव्हा धर्माला जाऊन तीन दिवस झाले होते.

निशाने तुला काय कळवलं ते माहीत नाही, म्हणून मीच लिहितो. चार तारखेला सकाळी शेठ स्वतः गाडीतून प्लॉटवर आले, मागे डंपर. कोळी भरावावर उभे होते. पहिला डंपर मागे घ्यायला लागला तेव्हा बायका चिखलात बसल्या. ड्रायव्हरने ब्रेक मारला पण राबिट सुटलं, एका म्हातारीच्या पायांवर पडलं. मग कोण कोणाला मारतंय ते समजत नव्हतं. वल्ही, पहारी, दगड. शेठच्या ड्रायव्हरचा कान फाटून लोंबत होता. धर्मा शेठच्या गाडीकडे धावला. हातात होडीचं वल्हं, ते त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं होतं. शेठ काच वर करत होते, ती अर्ध्यावर अडकली. मी मध्ये गेलो. "धर्मा, थांब" म्हटलं. दोनदा म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. मी मांडीवर नेम धरला. त्याच वेळी त्याचा पाय चिखलात घसरला आणि तो खाली आला.

बरगडीखाली लागली, डावीकडे.

तो बसला, मग उठला. बनियन वर करून बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "आयला, मुंगी चावली." आणि हसला. सगळं भांडण तिथेच थांबलं. ज्यांनी दगड उचलले होते त्यांनी ते खाली टाकले. एवढंच भोक आणि धर्मा उभा आहे म्हटल्यावर लोकांना वाटलं, वाचलो. मलाही वाटलं. डंपर परत गेले. धर्मा माझ्या खांद्यावर हात टाकून चालत घरी गेला.

घरी त्यांनी हळद दाबली. शांताबाई सगळ्यांना सांगत होती, "बत्तीसची हाय, काय होत न्हाय." दुपारी तो पाणी पाणी करायला लागला. दिवेलागणीला गेला. मग कोळी खोलीवर आले. मला जिन्यातून पायाला धरून खाली ओढलं, प्रत्येक पायरीवर डोकं आपटत. वल्ह्याने उजवा हात मोडला, त्याच हाताने गोळी घातली म्हणून. निशा मध्ये पडली, एक फटका तिच्या पाठीवर बसला. साक्षी दारात उभी राहून बघत होती. पोलीस आले नसते तर हे पत्र डाव्या हातानेही लिहिता आलं नसतं. अक्षर बघून समजशीलच.

आता कामाचं. शेठनेच वकील दिलाय. तो म्हणतो, दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. शेठकडे मोठं हत्यार असताना मी लहान घेतलं, म्हणजे मारायचा इरादा नव्हता. आणि धर्मा गोळीने मेला नाही, उशिराने मेला, त्याच्या लोकांनी हॉस्पिटलात नेलाच नाही. तुझ्यासारखी थिएटरमधली सिस्टर कोर्टात उभी राहिली आणि म्हणाली की अशा जखमेचा माणूस वेळेत आणला तर वाचतो, तर शिक्षा खूप कमी होईल. तू खोटं बोलायचं नाहीच आहे. हे खरंच आहे ना?

येशील ना?

समाधान


नांदेड
२८ मार्च १९९५

समाधान,

तुझ्या डाव्या हाताचं अक्षर पहिलीत होतास तसं आलंय. ते बघून मी आधी रडून घेतलं, मग वाचलं.

हो, हे खरं आहे. धर्माला तासाभरात टेबलावर घेतला असता तर बहुतेक वाचला असता. हे मी कोणत्याही कोर्टात सांगेन.

पण तुझं पत्र मी परत परत वाचते आणि एका ओळीवर अडते. शांताबाई सगळ्यांना सांगत होती, बत्तीसची आहे, काही होत नाही.

ती मासे सुकवणारी बाई आहे. गोळीचा नंबर तिला कसा माहीत? बत्तीसची असली की काही होत नाही, हे तिला कोणी सांगितलं? वीस वर्षं गोळ्या ट्रेमध्ये झेलून मला नंबर माहीत नव्हते, तू लिहिलेस तेव्हा कळले.

आणि धर्माला घरापर्यंत तू नेलंस. दुपारपर्यंत तू कुठे होतास, हे तू लिहिलेलं नाहीस.

मी कोर्टात उभी राहून म्हणाले की वेळेत आणला असता तर वाचला असता, तर पुढचा प्रश्न येईल, मग कोणी आणू दिलं नाही? तो प्रश्न आज मीच विचारते. मला उत्तर दे. मला चांगलं वाटेल असं उत्तर नको.

अक्का


ठाणे जेल
९ एप्रिल १९९५

अक्का,

हे पोस्टाने पाठवत नाही, इथे पत्रं उघडतात. निशाच्या हाती देतो.

मी तिथेच होतो. त्याच्या उशाशी, दिवेलागणीपर्यंत.

शांताबाई पहिल्यापासून म्हणत होती, रिक्षा आना, दवाखान्यात न्या. तिचा दीर निघालाही होता. मी त्याला दारातून परत फिरवला. म्हटलं, "वहिनी, बत्तीसची आहे, काही होत नाही. मोठी असती तर मीच खांद्यावर नेला असता. माझी बहीण नांदेडला ऑपरेशन करते, तिने लिहून कळवलंय, लहान गोळीचा माणूस वाचतो." तुझं पत्र त्या दिवशीही माझ्या खिशात होतं. बाहेर काढून दाखवलं तिला. तिला वाचता येत नाही, तिने नुसतं अक्षरावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मग ती शेजारपाजाऱ्यांना तेच सांगायला लागली.

त्याआधी प्लॉटवर शेठ माझ्या कानात बोलले होते, "हॉस्पिटल मत ले जाना. पुलिस केस होगा. घर पे डॉक्टर भेजता हूं." डॉक्टर आलाच नाही.

मी शेठचं ऐकून रिक्षा थांबवली, की मला खरंच वाटत होतं की काही होणार नाही? इथे पडल्या पडल्या हेच घोळवत असतो. दोन्हीतलं आधी काय आलं ते आता मलाच सांगता येत नाही. धर्मा म्हणाला, "हवालदार बोलतो ना, मंग झोपू दे मना." त्याने पाणी मागितलं. मीच तांब्या तोंडाला लावला. तीन वेळा. चार वाजल्यानंतर त्याने माझं मनगट धरलं ते सोडलं नाही. पोट फुगत होतं, मला दिसत होतं. तरी मी भोकाकडेच बघत होतो. भोक तेवढंच होतं, अक्का. ते मोठं होत नव्हतं.

त्याचा हात थंड झाला तेव्हा मी बोटं एकेक करून सोडवली आणि मागच्या दाराने निघून आलो.

हे तुला सांगितलं. आता हे पत्र जाळून टाक. कोर्टात वकील सांगतो तेवढंच बोल. त्याच्या लोकांनी नेलं नाही, एवढंच. शांताबाईचं कोण ऐकणार, आणि तिला नंबरातलं काय कळतं? साक्षी सात वर्षांची आहे. दहा वर्षं आत राहिलो तर ती मला काका म्हणेल. तुझ्या पाया पडतो.

समाधान


खारी, भाईंदर (पूर्व)
३० एप्रिल १९९५

प्रिय समाधान, जयभीम.

रजा काढून इथे आलेय. निशाची पाठ बरी आहे, साक्षी माझ्याजवळ झोपते. झोपेत जिन्याकडचं दार लावलंय का विचारते.

तुझं पत्र मी जाळलं नाही. कोणाला दिलंही नाही, देणारही नाही. ते तुझं आहे आणि ते तूच बोलायचंस. वकिलाला मी आज भेटले. म्हटलं, मी कोर्टात उभी राहीन, पण अर्धं सांगणार नाही. वेळेत आणला असता तर वाचला असता, हे सांगेन. आणि लहान गोळीने माणूस मरत नाही हे तुझ्या खिशातल्या कागदावर मीच लिहिलं होतं, हेही सांगेन. त्यांनी फाइल मिटली. म्हणाले, मग तुमची गरज नाही. शेठ तुझा वकील काढून घेतील बहुतेक. आपण दुसरा बघू, माझ्या बांगड्या आहेत. आमचे सर म्हणतात, नेम मांडीवर धरला होता हे खरं असेल तर ते जखमेच्या दिशेवरूनही दाखवता येतं. जे खरं तुझ्या बाजूचं आहे त्यासाठी मी शेवटपर्यंत भांडेन. दोष शांताबाईवर घालून मात्र तुला सोडवणार नाही. बाबांनी विचारलं तर त्यांनाही हेच सांगेन.

तू माझ्यावर चिडशील. चीड. पत्र लिहू नकोस हवं तर.

काल मी शांताबाईकडे गेले होते. निशा नको म्हणत होती, पण एकटीच गेले. अंगणात बोंबील काठ्यांवर टाकले होते, ती खाली बसून जाळं उसवत होती. धर्माचं असावं. मी नाव सांगितलं, नांदेडहून आले म्हटलं, तशी तिच्या हातातली सुरी थांबली. मला वाटलं, आता अंगावर येईल. मी उभीच राहिले. यायला हवी होती.

ती म्हणाली, "तूच का गो ती कागदवाली?"

मी हो म्हटलं.

तिने माझ्यासमोर करंगळी धरली, नखावर अंगठा ठेवला. "एवरीशी होती. मी बोललू, रिक्षा आना. तुझा भाऊस बोलला, बारीक हाय."

मी तिला सगळं सांगितलं. कागदावर मी चुकीचं लिहिलं होतं, ते कळल्यावर दुसरं लिहिलं, ते उशिरा पोचलं. गोळी आत कशी फिरते, रक्त कसं आतच साठतं, तहान का लागते. वीस वर्षं मी लोकांच्या बायकांना हे व्हरांड्यात उभं राहून सांगत आलेय, शब्द ठरलेले आहेत. काल ते एकेक करून शोधावे लागले. ती ऐकत होती, जाळं मांडीवर तसंच. माझं सांगून संपलं. एक मांजर बोंबलाच्या काठीखाली आलं, तिने दगड मारून हाकललं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोठी गोली असती, तं तुझा भाऊस घाबरला असता गो. गारी आनली असती."

तुझी
अक्का